लाकूड : वाळविलेले, तापविलेले आणि भाजलेले

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने लाकडाविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु थोडा विचार करता असे दिसून येईल की, धान्य आणि बारदान यांच्या खालोखाल आपल्या व्यापारात ज्या वस्तूशी रोजचा संबंध येतो, ती वस्तू लाकूडच होय. पोत्यांच्या थप्पीखाली लाकडी पॅलेट असतात. परदेशी जाणारा माल लाकडी खोक्यांतून अथवा पॅलेटवरून बंदरास जातो. गोदामाची दारे, पेढीवरील फळ्या आणि घराच्या चौकटी बहुधा लाकडाच्याच. गव्हाचा दाणा दाताखाली फोडून त्याचा ओलावा सांगणारे अनुभवी व्यापारी आपल्यात पुष्कळ आहेत. लाकडाच्या ओलाव्याची मात्र आपल्यात फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे जे वाचून व विचारून समजले, तेच साध्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अलीकडे लाकडाच्या बाजारात एका शब्दाचा फार बोलबाला झाला आहे. तो शब्द म्हणजे ‘हीट ट्रीटेड’, अर्थात उष्णतेची प्रक्रिया केलेले. मागे एक पुरवठादार आमच्या गोदामात पॅलेटचा नमुना घेऊन आला आणि म्हणाला, “शेठजी, माल हीट ट्रीटेड आहे. आता पावसाळ्याची चिंता नको आणि वाळवीचीही नको.” आम्ही त्यास एवढेच विचारले की, लाकूड किती अंशांपर्यंत तापविले? त्याचे उत्तर त्यास देता आले नाही. तो जाणूनबुजून खोटे बोलत होता असे आम्ही म्हणत नाही; त्यासही कोणी तसेच सांगितले असावे. परंतु सर्व मर्म त्या एका प्रश्नाच्या उत्तरातच आहे. कारण ५६ अंशांपर्यंत तापविलेले लाकूड, ७० अंशांत वाळविलेले लाकूड आणि २१२ अंशांत जणू भाजून काढलेले लाकूड, या तिघांसही बोलण्यात एकच नाव दिले जाते. आणि या तिघांचे गुण मात्र अगदी निरनिराळे आहेत. पहिल्या क्रियेने लाकडातील कीड मरते, दुसरीने पाणी निघते आणि तिसरीने लाकडाचा स्वभावच बदलतो. हा भेद ज्यास कळला, त्याचा पैसा वाचला आणि धान्यही वाचले.

लाकूड पाणी का धरते?

हा भेद समजण्यासाठी प्रथम लाकूड आणि पाणी यांचे नाते पाहिले पाहिजे. लाकूड म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी होय. नुकत्याच तोडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी नळ्यांच्या पोकळीत मोकळे असते; काही पाणी नळ्यांच्या भित्तींत मुरलेले असते. लाकूड वाळू लागले म्हणजे प्रथम पोकळीतील मोकळे पाणी जाते. तोवर लाकडाचे वजन घटते, परंतु आकार बदलत नाही. ओलावा साधारणतः २८ ते ३० टक्क्यांपर्यंत उतरला की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भित्ती तेवढ्या भिजलेल्या राहतात. यापुढे जे पाणी जाते ते भित्तींतील होय. आणि तेथपासून लाकूड आकसू लागते.

येथे धान्याच्या व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण धान्याचा ओलावा एकूण वजनावर काढतो. लाकडाचा ओलावा मात्र संपूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनावर काढण्याची रीत आहे. लाकडाचा तुकडा १२० ग्रॅम भरला आणि भट्टीत सुमारे १०३ अंशांस वजन स्थिर होईतो सुकविल्यावर १०० ग्रॅम उरला, तर लाकडाचा व्यापारी त्यात २० टक्के ओलावा आहे असे म्हणेल. आपल्या धान्याच्या हिशेबाने तोच ओलावा १६.७ टक्के ठरेल. यामुळेच ओल्या लाकडाचा ओलावा शंभर टक्क्यांहूनही अधिक असू शकतो. हे ऐकून चकित होण्याचे कारण नाही. हिशेबाची रीतच वेगळी आहे.

लाकूड एकदा वाळले म्हणजे कायमचे कोरडे झाले, ही समजूत बरोबर नाही. ज्याप्रमाणे वाळलेला पापड पावसाळी हवेत सादळतो, त्याचप्रमाणे वाळलेले लाकूडही हवेतील दमटपणा ओढून घेते, आणि हवा कोरडी झाली की पुन्हा सोडून देते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असता गहू अखेरीस सुमारे १४ टक्के ओलाव्यावर स्थिरावतो, हे आपणांस ठाऊकच आहे. लाकडाचेही तसेच आहे. हवेतील आर्द्रता ३० टक्के असता लाकडात सुमारे ६ टक्के, ६५ टक्के असता सुमारे १२ टक्के आणि ९० टक्के असता सुमारे २० टक्के ओलावा राहतो. यास समतोल ओलावा म्हणतात. ग्वाल्हेर अथवा इंदूर येथील वैशाखातील लाकूड आणि आमच्या बेळगावकडील आषाढातील लाकूड हे एकाच झाडाचे असले, तरी ओलाव्याने एकसारखे असू शकत नाही.

ओलावा बदलला की आकार बदलतो. बैलगाडीचे चाक ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे सांगावयास नको. उन्हाळ्यात लाकूड आकसते, चाक खिळखिळे होते, लोखंडी धाव सुटू पाहते; मग चाक पाण्यात बुडवून ठेवले म्हणजे लाकूड फुगून ते पुन्हा घट्ट होते. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते ते याच कारणाने. सागवान हे या बाबतीत फार सोशिक लाकूड मानले जाते. तरीही ओंडक्याच्या वर्तुळांस स्पर्शून चिरलेली २० सेंटीमीटर रुंदीची सागवानी फळी, ओलावा ८ वरून १८ टक्क्यांवर गेला तर सुमारे ४ मिलिमीटर फुगते. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, चिरलेली फळी याच्या निम्म्याहूनही थोडी कमी फुगते. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ बदलत नाही. अशा निरनिराळ्या प्रमाणांमुळेच फळ्या वाकतात, पिळतात आणि चिरतात.

या सर्वांचे मूळ भित्तीच्या घटनेत आहे. भित्ती मुख्यतः तीन द्रव्यांची असते. सेल्युलोजचे तंतू हे काँक्रीटमधील लोखंडी सळयांसारखे होत. लिग्निन हे सिमेंटसारखे कठीण भरण होय. आणि हेमिसेल्युलोज नावाचे द्रव्य या दोहोंस सांधून ठेवते. या द्रव्यांवर ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या जोड्या असतात, त्यांस हायड्रॉक्सिल गट म्हणतात. पाण्याच्या कणास चिकटून धरणारे आकडे म्हणजे हेच. हे आकडे सर्वांत अधिक आणि सर्वांत सुलभपणे हेमिसेल्युलोजवर सापडतात. सेल्युलोजचे पुष्कळसे आकडे आपापसांतच गुंतलेले असल्यामुळे पाण्यास तेथे शिरकाव मिळत नाही. म्हणजे लाकडाच्या पाणी पिण्याच्या सवयीस मुख्यतः हेमिसेल्युलोज जबाबदार आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस हवा, ऊब, अन्न आणि पाणी ही चारही लागतात. यांपैकी पाणी तेवढे आपल्या हाती आहे. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत राखला तर ते कुजत नाही, असा जाणत्यांचा नियम आहे. लाकडाचा टिकाऊपणा आणि ओलावा यांचा संबंध असा सरळ आहे.

पहिली क्रिया : कीड मारण्यापुरते तापविणे

निर्यात करणाऱ्या सभासदांच्या परिचयाचा शिक्का तो हाच. पॅलेट अथवा खोक्यावर कणसासारखे दिसणारे एक चिन्ह, देशाचे संक्षिप्त नाव, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि त्यापुढे ‘एचटी’ ही अक्षरे असतात. हा नियम आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारान्वये २००२ साली संमत झाला आणि तो ‘आयएसपीएम १५’ या नावाने ओळखला जातो. लाकडी बारदानातून एका देशाची कीड दुसऱ्या देशाच्या जंगलात जाऊ नये, एवढाच त्याचा उद्देश आहे. १९९६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात आशियातील एक लांब मिशांचा भुंगेरा झाडे पोखरताना आढळला. तो लाकडी बारदानातूनच आला असे मानतात. पाइन वृक्षांचा नाश करणारा एक सूक्ष्म कृमी १९९९ साली पोर्तुगालमध्ये सापडला. अशा घटनांनी जगास सावध केले.

या नियमानुसार लाकूड अशा रीतीने तापवावे लागते की, त्याच्या अगदी गाभ्यातही ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे राहिली पाहिजे. एवढ्या उष्णतेने लाकडातील अळ्या व कृमी मरतात. परंतु ५६ अंश म्हणजे काय? आंघोळीच्या कढत पाण्याहून थोडे अधिक. एवढ्या उष्णतेने हेमिसेल्युलोजला काहीच होत नाही. म्हणजे पाणी धरणारे सर्व आकडे जेथल्या तेथे राहतात. इतकेच नव्हे, तर अर्ध्या तासात जाडजूड लाकडातील पाणीही फारसे निघत नाही. ‘एचटी’ शिक्का असलेला पॅलेट आतून ओलाचिंब असू शकतो, आणि कोंदट जागेत ठेवला तर आठ-पंधरा दिवसांत त्यावर बुरशीही येऊ शकते. पुढे नवी वाळवी लागणार नाही, याचीही हमी हा शिक्का देत नाही. तो केवळ गेल्या काळाचा दाखला आहे, येणाऱ्या काळाचा विमा नव्हे.

हा शिक्का निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी करू नये. परदेशी माल पाठवावयाचा तर तो आवश्यकच आहे. त्यावाचून बंदरात माल अडकतो आणि नुकसान होते. मात्र तो ज्या कामासाठी आहे, त्याच कामाचा तो दाखला होय.

दुसरी क्रिया : भट्टीत वाळविणे

लाकूड उघड्यावर रचून वाळविण्यास महिनेच्या महिने लागतात. म्हणून बंद भट्टीत साधारणतः ४५ ते ८० अंशांच्या दरम्यान उष्णता राखून, आतील हवेचा दमटपणा हळूहळू कमी करीत, काही दिवस अथवा काही आठवडे लाकूड वाळवितात. घाई केली तर वरचा थर आधी आकसतो आणि लाकूड चिरते. यासाठी आरंभी भट्टीत मुद्दाम वाफ सोडून दमटपणा टिकवितात. अशा रीतीने लाकूड १० ते १५ टक्के ओलाव्यावर आणले म्हणजे ते सुतारकामास योग्य होते. गाभ्यातील उष्णता ५६ अंशांवर पुरेसा वेळ राहिली असेल, तर पहिल्या क्रियेचा हेतूही यातच साधतो.

ही क्रिया फार मोलाची आहे. लाकूड बसवण्यापूर्वीच आकसून घेतले गेले, त्याचे वजन घटले, बळ वाढले. परंतु त्याचा स्वभाव तोच राहिला. वाळवलेला हरभरा भिजत घातला की फुगतो व त्यास मोडही येतात. तद्वत् वाळवलेले लाकूड दमट हवेत पुन्हा ओलावा घेते व फुगते. भट्टीतून निघालेले लाकूड पावसात उघडे टाकले तर भट्टीचा खर्च वाया गेला असे समजावे.

तिसरी क्रिया : लाकूड भाजणे

आता मुख्य विषय. हरभरा वाळविला तर त्यास मोड येतात. परंतु भट्टीत भाजून त्याचे फुटाणे केले तर कितीही पाणी घाला, मोड येणे नाही. वाळविणे हे परत फिरणारे आहे, भाजणे हे परत न फिरणारे आहे. उपमा एवढ्यापुरतीच घ्यावी, कारण फुटाणेही सादळतात. परंतु लाकडाच्या बाबतीत भाजण्याचे जे फळ मिळते ते याहून अधिक उपयोगी आहे.

या कल्पनेचा शास्त्रीय पाठपुरावा अमेरिकेत मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेत झाला. १९३७ साली स्टॅम आणि हॅन्सन यांनी निरनिराळ्या वायूंत लाकूड तापवून पाहिले. १९४६ साली स्टॅम यांनी सहकाऱ्यांसह वितळलेल्या धातूच्या कुंडात लाकूड बुडवून तापविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. हेतू हा की, लाकडास हवा लागू नये आणि ते पेटू नये. लाकडाचे फुगणे कमी झाले, पण त्याचे बळही घटले, म्हणून त्या काळी हा उद्योग रुजला नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात फिनलंडमध्ये सरकारी संशोधन संस्थेच्या साहाय्याने हीच क्रिया वाफेच्या आवरणात करण्याची पद्धत सिद्ध झाली. ‘थर्मोवूड’ हे तिचे व्यापारी नाव. २००० साली तेथील उत्पादकांचा संघही स्थापन झाला. नेदरलँड्स, फ्रान्स आणि जर्मनी येथेही याच सुमारास आपापल्या पद्धती निघाल्या. फ्रान्समध्ये नायट्रोजन वायूत, तर जर्मनीत गरम तेलात लाकूड तापवितात. फिनलंडमध्ये सागवान नाही; पाइन आणि स्प्रूस ही मऊ व लवकर कुजणारी लाकडे विपुल आहेत. उणे असलेल्या मालास औषध न मुरविता मोल आणण्याची ही युक्ती त्यांस सोयीची वाटली, यात नवल नाही.

फिनलंडच्या पद्धतीत तीन टप्पे असतात. प्रथम भट्टीतील उष्णता वाढवीत सुमारे १३० अंशांपर्यंत नेऊन लाकडातील पाणी जवळजवळ शून्यावर आणतात. मग उष्णता १८५ ते २१५ अंशांच्या दरम्यान चढवून दोन-तीन तास राखतात. या वेळी भट्टीत वाफ भरलेली असते. ती नसेल तर लाकूड पेट घेईल. शेवटी पाण्याचे फवारे सोडून लाकूड थंड करतात आणि त्यात ४ ते ७ टक्के ओलावा पुन्हा आणतात; कारण अगदी कोरडेठाक लाकूड कामास योग्य नसते.

आत काय घडते ते आता पाहू. वर सांगितलेल्या तीन द्रव्यांपैकी हेमिसेल्युलोज हे उष्णतेस सर्वांत आधी बळी पडते. ते विघटित होऊ लागले की त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, सुटते. आणि ते आम्ल विघटनास आणखी गती देते. पाणी धरणारे आकडे अशा रीतीने नाहीसे होतात. लिग्निनचे कण एकमेकांशी नव्याने जोडले जाऊन भित्ती अधिक ताठ होते, तिला फुगण्यास वाव उरत नाही. परिणाम असा की, त्याच हवेत साध्या लाकडात १२ टक्के ओलावा असता, चांगल्या भाजलेल्या लाकडात तो सुमारे निम्माच राहतो, आणि फुगणे-आकसणेही जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात घटते.

टिकाऊपणा वाढतो तो दोन कारणांनी. एक तर भित्तीत पाणी कमी राहते; दुसरे, बुरशीचे सोपे अन्न जे हेमिसेल्युलोज, तेच बरेचसे नष्ट झालेले असते. येथे विष काही नाही. बुरशीस तेथे राहणे परवडत नाही, एवढेच. युरोपात लाकडाच्या टिकाऊपणाचे १ ते ५ असे वर्ग केले आहेत. १ हा सर्वोत्तम. पाइन व स्प्रूस १९० अंशांस भाजले तर ते तिसऱ्या वर्गात आणि २१२ अंशांस भाजले तर दुसऱ्या वर्गात बसते, असे फिनलंडचे उत्पादक मानतात. अवघ्या बावीस अंशांनी वर्ग बदलतो. यास्तव उष्णतेचा आकडा विचारणे हा काही पंडिती प्रश्न नव्हे, तो दराचा प्रश्न आहे.

आपल्या देशातही या विषयाकडे लक्ष गेले आहे. बेंगळुरू येथील काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत रबराच्या झाडाचे लाकूड आणि सिल्व्हर ओक यांवर असे प्रयोग झाले आहेत. कोडगू व चिक्कमगळूरकडे कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी सिल्व्हर ओक लावतात, हे तिकडील सभासदांस ठाऊक आहेच. असल्या हलक्या लाकडांचा दर्जा वाढला तर सागवानावरील भार हलका होईल.

भाजलेल्या लाकडाची दुसरी बाजू

गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. नाहीतर आमच्यात आणि त्या पुरवठादारात अंतर ते काय राहिले?

पहिला दोष बळाचा. सांधणारे द्रव्यच गेल्यावर जोड कमकुवत होणारच. अधिक उष्णतेस भाजलेल्या लाकडाची वाकण सहन करण्याची शक्ती ३० टक्क्यांपर्यंतही घटू शकते. शिवाय ते ठिसूळ होते. साधे लाकूड मोडण्यापूर्वी कुरकुरते, वाकते, सूचना देते. हे एकदम तुटते. म्हणून तुळई, खांब, कैची अशा भार घेणाऱ्या जागी ते वापरू नये असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे.

दुसरा दोष, वाळवीविषयी भरवसा नाही. फिनलंडसारख्या थंड देशात वाळवीचा प्रश्नच नसतो. आपल्याकडे तो आहे, आणि जमिनीतून येणारी वाळवी भाजलेले लाकूडही खाते. तिसरे, हे लाकूड जमिनीत पुरण्याजोगे अथवा सतत ओल्या मातीवर ठेवण्याजोगे नाही. चौथे, पावसाचे पाणी थेट अंगावर आले तर ते नळ्यांतून आत शिरतेच. कमी झाली आहे ती हवेतील दमटपणा ओढण्याची सवय. पाचवे, भाजल्यावर येणारा सुंदर तपकिरी रंग उन्हापावसात दोन-चार वर्षांत करडा पडतो; रंग राखावयाचा असेल तर वरून तेल अथवा लेप द्यावाच लागतो. शिवाय लाकडात किंचित आम्ल शिल्लक राहत असल्यामुळे बाहेरच्या कामात साधे लोखंडी खिळे गंजतात व डाग पाडतात. म्हणून गंज न चढणारे पोलादी स्क्रू वापरावे लागतात.

खेड्यांत कुंपणाच्या खांबाचे टोक विस्तवात जाळून मग ते पुरण्याची चाल आहे. तीही उष्णतेचीच क्रिया खरी. परंतु कोळसा वरच्या थरापुरताच होतो, आतले लाकूड जसेच्या तसे राहते. थर कोठे चिरला की ओल आत शिरते. म्हणून वरून जळणे आणि आतपर्यंत भाजणे यांत गल्लत करू नये.

गोदामात काय वापरावे?

आता हे सारे ज्ञान आपल्या गोदामात आणून पाहू. समजा, एका पॅलेटमध्ये कोरडे लाकूड २० किलो आहे आणि तो ५० टक्के ओलाव्याचा आहे. म्हणजे त्यात १० किलो पाणी आहे. गोदामात तो हळूहळू वाळून १५ टक्क्यांवर आला, तर त्यातील पाणी उरेल ३ किलो. मधले ७ लिटर पाणी गेले कोठे? काही वाऱ्याने गेले. परंतु थप्पीच्या तळाशी वारा तो किती? पॅलेटच्या लगतची हवा दमट झाली, आणि धान्याने तो दमटपणा ओढून घेतला. धान्यातील हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीस वाट मिळते. वरचा माल खडखडीत, आणि तळचा थर काळा पडलेला व कुबट वासाचा, असा प्रकार पुष्कळांनी पाहिला असेल. दोष बहुधा फरशीच्या ओलीवर जातो; परंतु तो नव्या ओल्या पॅलेटचाही असू शकतो. सरकारी गहू खरेदीत सामान्यतः १२ टक्क्यांपर्यंत ओलावा पूर्ण दरास मान्य होतो आणि १४ टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो. म्हणजे अवघ्या दोन टक्क्यांत पोत्याची किंमत ठरते, आणि ते दोन टक्के तळच्या लाकडातून येऊ शकतात.

तर मग भाजलेल्या लाकडाचे पॅलेट घ्यावेत काय? आमच्या मते नाही. पन्नास किलोंची वीस पोती एकावर एक रचली तर एका रांगेचा भार एक टन होतो. त्याखाली ठिसूळ लाकूड घालणे शहाणपणाचे नव्हे. विषारी रसायने मुरविलेले लाकूडही अन्नधान्याखाली नको. गोदामास हवे ते दुसऱ्या क्रियेचे लाकूड, म्हणजे भट्टीत वाळविलेले, १५ टक्क्यांच्या आसपास ओलाव्याचे, गाठी व चिरा नसलेले मजबूत लाकूड. माल परदेशी जाणार असेल तर त्यावर ‘एचटी’ शिक्काही हवा. वाळवीचा बंदोबस्त लाकडाने होत नाही. तो फरशीच्या भेगा बुजविणे, भिंतीपासून हातभर जागा सोडणे आणि पॅलेट उचलून वरचेवर पाहणे, या जुन्या उपायांनीच होतो.

भाजलेल्या लाकडाची जागा वेगळी आहे. घराच्या दर्शनी भागाचे आच्छादन, ओसरीवरील फळ्या, खिडक्यांची झडपे, बागेतील बाके, न्हाणीघरातील पट्ट्या, अशा जेथे भार कमी, दमटपणाचा चढउतार फार आणि वाळवी पोहोचण्याची वाट बंद आहे, तेथे ते उत्तम. गोव्याकडील खाऱ्या, दमट हवेत फुगून अडकणाऱ्या खिडक्यांचा ज्यांस त्रास आहे, त्यांनी याचा अवश्य विचार करावा. सागवान परवडत असेल तर तेही चांगलेच; त्याच्या गाभ्यात निसर्गतःच अशी द्रव्ये असतात की बुरशी व वाळवी त्यापासून दूर राहतात.

घेताना विचारावयाचे प्रश्न

शेवटी सभासद बंधूंनी व घरातील बांधकामाचा व्यवहार पाहणाऱ्या भगिनींनी, कोणी ‘हीट ट्रीटेड’ लाकूड पुढे केले असता, पुढील प्रश्न विचारावेत. उष्णता किती अंशांची होती आणि ती किती वेळ राखली? उत्तर ५६ अंश व अर्धा तास असे आले, तर समजावे की कीड मेली आहे, लाकूड सुधारलेले नाही. लाकडाचा आजचा ओलावा किती? यावर विश्वास न ठेवता टोचून पाहावयाचे ओलावा-यंत्र लावावे; ते फार महाग नसते आणि लाकडाच्या साऱ्या व्यवहारात उपयोगी पडते. मात्र भाजलेल्या लाकडावर अशा यंत्राचा आकडा नेमका येत नाही, तेथे तुकडा सुकवून वजन करणे हाच खरा उपाय होय. तिसरा प्रश्न, हे लाकूड भार घेण्यास योग्य आहे काय? आणि चौथा, वाळवीविषयी लेखी काय देता?

भाजलेल्या लाकडाची एक खूण घरीही पाहता येते. त्याचा तपकिरी रंग वरवरचा नसतो. फळी कापली तर आतही तोच रंग दिसतो, आणि त्यास किंचित धुराचा वास असतो. वरून रंगविलेली फळी कापताच पांढरी निघते. नमुन्याचा एक तुकडा कापून दाखवा, असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. पोत्यात बांबी घालून धान्य तपासण्यास आपण कधी संकोच करतो काय?